तुजिया: पांढऱ्या वाघाचं कूळ, तांब्याचा खांब आणि हरवत चाललेली भाषा

रानजाई

नमस्कार मंडळी,

आपल्याकडून झांगजियाजिएला जाणाऱ्या सहली हल्ली खूप वाढल्या आहेत. खांबासारखे उभे डोंगर, काचेचा पूल, रोपवे. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. पहिल्या संध्याकाळी रंगीत कपड्यांतल्या मुलामुलींचा नाच झाला. गाइड म्हणाला, "हे इथले तुजिया लोक," आणि पुढच्या दिवसाचा कार्यक्रम सांगू लागला.

दोन दिवसांनी बस फुरोंग गावी थांबली. सगळे धबधब्याकडे पळाले. मी आणि माझी धाकटी जाऊ तिथल्या छोट्या संग्रहालयात शिरलो. आत आठ बाजूंचा, काळपट पडलेला, दोन पुरुष उंचीचा तांब्याचा खांब उभा होता. आठही अंगांवर दाट अक्षरं कोरलेली. साल इ.स. ९४०. एका राजाने आणि एका डोंगरी सरदाराने केलेला तह होता तो. आदल्या रात्री ज्यांचा नाच बघून आम्ही टाळ्या वाजवल्या, त्यांच्या मुलखाचा करार हजार वर्षांपूर्वी तांब्यावर कोरून ठेवला होता आणि आम्हाला त्यांचं नावसुद्धा धड उच्चारता येत नव्हतं. परत आल्यापासून मिळेल ते वाचतेय. त्यातलं इथे मांडते. कोणाला भर घालता आली तर जरूर घाला.

तुजिया राहतात ते वूलिंगच्या डोंगररांगांत. हुनान, हुबेइ, ग्वेइझोउ आणि चोंगछिंग यांच्या सीमा जिथे एकमेकींना भिडतात तिथे. २०२०च्या शिरगणतीत त्यांची संख्या ९५ लाखांच्या वर होती, म्हणजे चीनमधल्या मोठ्या अल्पसंख्याक समाजांपैकी हा एक. 'तू' म्हणजे माती, इथलं, स्थानिक. 'जिया' म्हणजे घर, घराणं. थोडक्यात, 'इथली घरं'. हे नाव बाहेरून आलेल्या हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य, लोकांच्या संदर्भात पडलं. ते उपरे म्हणून 'केजिया', पाहुणी घरं, आणि हे मूळचे म्हणून 'तुजिया'. त्यांच्या स्वतःच्या भाषेत ते स्वतःला बिझिका म्हणतात. हानांना पाका, शेजारच्या मियाओंना बाइका.

मुळांचा प्रश्न निघाला की सगळे एकच गोष्ट सांगतात, ती बा लोकांची. पाचव्या शतकात फान ये याने लिहिलेल्या उत्तरकालीन हान राजवटीच्या इतिहासात ती आहे. वूलुओ झोंगली डोंगरात दोन गुहा होत्या, एक तांबडी आणि एक काळी. तांबडीतून बा कूळ निघालं. काळीतून फान, शेन, शियांग आणि झेंग ही चार कुळं. कोणी राजा नव्हता. नायक ठरवायला सगळ्यांनी खडकावर तलवारी फेकल्या, त्यात बा कुळातल्या वूशियांगची एकट्याची रुतली. मग मातीच्या होड्या करून पाण्यात सोडल्या. बाकीच्यांच्या बुडाल्या, त्याची तरंगली. त्याला त्यांनी लिनजुन, म्हणजे आपला राजा, केलं.

लिनजुन होडीतून यी नदीने खाली निघाला. ही यी म्हणजे आजची हुबेइमधली चिंगजियांग असं मानतात. यानयांग नावाच्या ठिकाणी मिठाची देवी होती. ती म्हणाली, ही जमीन मोठी आहे, मासे आणि मीठ इथे पिकतं, माझ्याजवळ राहा. तो नाही म्हणाला. ती रात्री त्याच्याकडे येई, पहाटे किडा होऊन उडून जाई आणि रानातले सगळे किडे तिच्यामागे उठत. त्यांनी सूर्य झाकला. दहाहून जास्त दिवस दिशा कळेनात. एका जुन्या पाठात पुढचा भाग आहे. त्याने तिला निळसर-हिरवा धागा पाठवला, हा बांध, तुला शोभेल, आपण एकत्र राहू म्हणून. तिने तो विश्वासाने बांधला. त्याने खडकावर उभं राहून त्या थव्यातला धागा हेरला आणि बाण सोडला. आभाळ मोकळं झालं.

मला ही गोष्ट वाचून फार वाईट वाटलं. ती जे देऊ करत होती ते साधं होतं, मासे आणि मीठ. पण यांगत्से नदीच्या तीन घाट्यांच्या त्या पट्ट्यात खाऱ्या पाण्याचे झरे आहेत आणि ज्याच्या हाती मीठ त्याच्या हाती खोरं. मिठाचा मुलूख कोणीतरी कोणाकडून तरी घेतला, त्याची ही आठवण असावी असं मला वाटतं. तिकडच्या बोलीत मिठाला आजही 'यानबा' म्हणतात. त्यातला 'बा' म्हणजे आमचेच बा, असं लोक अभिमानाने सांगतात.

लिनजुन मेला तेव्हा त्याचा आत्मा पांढरा वाघ झाला. वाघ माणसाचं रक्त पितो म्हणून बा त्याला माणसाचा बळी देत, असं तोच ग्रंथ सांगतो.

बांचं खरंखुरं राज्य होतं आणि इ.स.पू. ३१६ मध्ये चिन राज्याने ते संपवलं. सरदारांना मात्र त्यांच्या जागी ठेवलं, चिन घराण्यातल्या मुली त्यांना देत राहिले आणि कर बसवला. कराचे आकडेही नोंदलेले आहेत. सरदाराने वर्षाला २,०१६ नाणी, दर तीन वर्षांनी आणखी १,८००. प्रत्येक घराने ८ झांग २ ची लांब कापड, म्हणजे ८२ चिनी फूट, आणि बाणांना लावायची कोंबडीची पिसं. ८२ फूट कापड! एका घरच्या बायकांना ते विणायला किती दिवस लागत असतील?

इथून पुढे बरेच लोक सरळ उडी मारतात. बा गेले, डोंगरात लपले आणि तेच आजचे तुजिया. मला ही उडी पटत नाही, आणि त्याचं कारण वाघच आहे.

पश्चिम हुबेइकडे पांढरा वाघ हा घरचा पूर्वज. त्याला पुजतात. हुनानकडच्या बाजूला, जिथे तुजिया भाषा अजून बोलली जाते, तिथे पांढरा वाघ ही पीडा. लहान मूल आकडी येऊन पडलं की वाघ आला म्हणतात आणि तिमा, म्हणजे त्यांचा भगत, मंत्र म्हणून त्याला हाकलतो. दोन्हींचा मेळ घालायला दोन वाघ मानतात. एक घरात बसणारा, तो चांगला. दुसरा घरावरून जाणारा, तो वाईट. त्याच हान इतिहासात आणखी एका बा शाखेची गोष्ट आहे. चिनच्या झाओ राजाच्या काळात एका पांढऱ्या वाघाने हजारावर माणसं मारली. या लोकांनी बांबूच्या धनुष्यांनी त्याला ठार केलं आणि ते वाघ मारणारे म्हणून नावारूपाला आले. एका शाखेचा वाघ बाप, दुसरीचा वाघ वैरी. आज दोघांचे वारस एकाच नावाखाली मोजले जातात.

म्हणून अभ्यासकांमध्ये इतर मतंही आहेत. कोणी म्हणतं, ग्वेइझोउकडून आलेल्या 'वूमान' लोकांपासून हे झाले. कोणी म्हणतं, इथेच आधीपासून राहणारे. हान काळातल्या नोंदींत या डोंगरांत 'वूलिंगचे मान' (मान म्हणजे दक्षिणेकडचे हान नसलेले लोक) आणि नंतर 'पाच ओढ्यांचे मान' भेटतात. त्यांच्यावर चालून गेलेला प्रसिद्ध सेनापती मा युआन इ.स. ४९ मध्ये तिथेच आजारी पडून वारला. आणखी एक मत म्हणतं की निदान सरदार घराणी तरी पूर्वेच्या जियांगशीतून आलेली. मला यातलं कुठलंही एक मत निवडावंसं वाटत नाही. चार वाटांनी आलेली माणसं एका खोऱ्यात हजार वर्षं एकमेकांच्या सोयरिकी करत राहिली तर जे होईल ते तुजिया, असं माझं वाचन सांगतं.

आता तो खांब. चू राज्याचा राजा मा शिफान आणि शिझोउचा सरदार पेंग शिचोउ यांच्यात ९३९ मध्ये लढाई झाली. पेंग हरला, पण डोंगर काही चूच्या ताब्यात आला नाही. म्हणून पुढच्या वर्षी तह झाला. सरदाराने लूटमार करायची नाही. राजाने या मुलखावर कर लावायचा नाही, इथली माणसं सैन्यात ओढायची नाहीत, इथला महसूल इथेच राहील. खांब तांब्याचाच का? मा शिफान स्वतःला वर आलेल्या मा युआनचा वंशज म्हणवत असे आणि मा युआनने दक्षिणेत तांब्याचे खांब उभारले होते अशी ख्याती होती. पूर्वज ज्या डोंगरांत मेला तिथेच वंशजाने खांब रोवला, ५,००० जिन तांब्याचा, म्हणजे अडीच हजार किलोच्या आसपास. धरणाच्या पाण्यात मूळची जागा जाणार म्हणून तो पुढे हलवावा लागला.

पेंग घराणं त्यानंतर जवळजवळ आठ शतकं टिकलं. युआन, मिंग, चिंग असे सम्राट बदलत गेले आणि हे 'तुसी', म्हणजे वंशपरंपरेने नेमलेले स्थानिक सरदार, राहिले. योंगशुनजवळ त्यांची राजधानी लाओसिचेंग. २०१५ मध्ये हुबेइतलं तांगया आणि ग्वेइझोउतलं हाइलोंगतुन यांच्यासोबत ती जागतिक वारशात गेली. १७२८ मध्ये योंगझेंग सम्राटाच्या वेळी तुसी काढून बदलीचे अधिकारी बसवले आणि शेवटचा पेंग जियांगशीला निघून गेला. त्यानंतर डोंगर उघडे पडले, हान वसाहती आल्या, भाषा मागे सरत गेली.

बरंच लांबलं. पुढचं प्रतिसादांत बोलू.

---

कोकणकडा

रानजाई ताई, सुंदर लिहिलंय. त्या धाग्याचा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला.

एक शंका. पेंग घराणं जियांगशीचं असेल तर तहावर सही करणारा माणूस तुजिया होता असं कसं म्हणायचं? तो हान असून डोंगरातल्या लोकांवर राज्य करत होता असंही असेल ना?

---

रानजाई

शंका अगदी रास्त आहे, आणि तिथले लोकही तिला एका गोष्टीतून उत्तर देतात. पेंग येण्याआधी इथे वू झुचोंग नावाचा जुना नायक होता. पेंगांनी त्याला हरवून मुलूख घेतला असं सगळे सांगतात, म्हणजे आपला राजा बाहेरून आला हे ते लपवत नाहीत. पण नाचाच्या देवळात, म्हणजे बाइशौच्या आवारात, पेंग राजाची मूर्ती एकटी नसते. तिच्या दोन बाजूंना शियांग आणि तियान आडनावाचे दोन सरदार असतात आणि तिघांना मिळून नैवेद्य दाखवतात. शियांग हे नाव वर येऊन गेलं, काळ्या गुहेतल्या चार कुळांपैकी एक.

बाहेरच्याचं राज्य मान्य करताना त्यांनी आपली दोन माणसं त्याच्या शेजारी बसवली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. शिवाय सगळी पेंग घराणी खरोखर जियांगशीची होती का, यावरही वाद आहे. मोठ्या हान घराण्याशी नातं जोडल्याने दरबारात वजन वाढत असे आणि वंशावळी तशाच लिहिल्या जात.

---

व्यंजन

भाषेबद्दल थोडी भर घालतो, माझा तोच विषय आहे.

तुजिया भाषा तिबेटी-ब्रह्मी कुळातली आहे हे सगळे मानतात, पण त्या कुळातल्या कुठल्या फांदीवर तिला बसवायचं यावर एकमत नाही. शेजारी मियाओ आणि चिनी, आणि ही दोघांहून वेगळी. तिच्या दोन बोली आहेत. उत्तरेकडची बरी टिकलीय. दक्षिणेकडची लूशी तालुक्यातल्या थोड्या गावांपुरती. या दोघींत इतका फरक की एकीकडचा माणूस दुसरीकडच्याचं बोलणं समजू शकत नाही. स्वतःची लिपी नव्हती. १९८०च्या दशकात रोमन अक्षरांवर एक लेखनपद्धत बसवली, तिचा प्रसार फार झाला नाही. नव्वद लाखांच्या समाजात ही भाषा बोलणारे लाखाच्याही आत आहेत.

आणि वाघाचा भाषेतला पुरावा तर मला सगळ्यात आवडतो. इसवी सनाच्या सुरुवातीच्या सुमारास यांग शिओंग या विद्वानाने निरनिराळ्या प्रांतांतले शब्द गोळा केले. त्यात तो म्हणतो की प्राचीन चू राज्याच्या बाजूला वाघाला काही ठिकाणी 'ली-फू' म्हणतात, काही ठिकाणी 'ली-अर'. चिनी लिपीत ही अक्षरं आडनावासारखी दिसतात, वाघाशी त्यांचा अर्थाने काही संबंध नाही. म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी भाषेतला शब्द नुसत्या आवाजाने उतरवून घेतलेला. आणि तुजियात वाघाला आजही ली म्हणतात.

दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी ऐकून लिहिलेला शब्द त्याच डोंगरांत अजून जिवंत आहे.

---

कोकणकडा

व्यंजन, हे जबरदस्त आहे. पण यावरून बा आणि तुजिया एकच असं सिद्ध होतं का?

---

व्यंजन

नाही. तो शब्द चूच्या भागातला म्हणून नोंदलाय, बांचा म्हणून नाही. बा कोणती भाषा बोलत ते आपल्या हाती नाही. त्यांच्या काशाच्या तलवारींवर आणि शिक्क्यांवर चिन्हं आहेत, वाघ आहे, हात आहे, पण ती अजून कोणाला वाचता आलेली नाहीत. 'ली'वरून एवढंच म्हणता येतं की आजच्या तुजियासारखी भाषा तिथे फार जुनी आहे. रानजाईंनी एक मत निवडायचं टाळलं ते मला योग्य वाटलं.

---

पाणंद

मला वेगळं विचारायचंय. १९६४च्या शिरगणतीत तुजिया सव्वापाच लाखांच्या आसपास होते. १९८२ मध्ये २८ लाख, १९९० मध्ये ५७ लाख, २००० मध्ये ८० लाख. माणसं इतक्या वेगाने जन्मत नाहीत. मग हा समाज सरकारी कागदावर तयार झाला असं म्हणणाऱ्यांचं काय चुकलं?

---

रानजाई

पाणंद, आकडे बरोबर आहेत आणि प्रश्न टाळण्यासारखा नाही. १९८०च्या दशकात लोकांना आपली नोंद बदलून घ्यायची मुभा मिळाली. तालुक्यामागून तालुके स्वायत्त झाले आणि आधी 'हान' लिहिलेली लाखो माणसं तुजिया झाली. शाळा-कॉलेजातल्या प्रवेशाला आणि मुलांच्या संख्येवरच्या नियमात अल्पसंख्याकांना सवलत होती, त्याचाही भाग असणार. पण हे लोक आधी हान का लिहिले गेले होते, तेही बघायला हवं.

१९५० मध्ये पहिल्या राष्ट्रीय दिनाच्या वर्धापनासाठी योंगशुनची तियान शिनताओ ही तरुणी बीजिंगला गेली. कागदावर ती मियाओंची प्रतिनिधी होती, कारण तुजिया नावाचा रकानाच नव्हता. ती म्हणाली, मी मियाओ नाही. आमची भाषा वेगळी, आमचे सण वेगळे. ऐकणाऱ्यांनी तिला हसून घालवलं नाही. अभ्यासकांनी तिच्याकडून शब्द म्हणवून घेतले, टिपले आणि पाहिलं तर ते ना चिनी होते ना मियाओ. मोठ्या समारंभात, सगळ्या देशाच्या पुढाऱ्यांसमोर, लिहून दिलेली ओळख नाकारून उभं राहायला केवढं धैर्य लागलं असेल.

मग पान ग्वांगदान हे समाजशास्त्रज्ञ कामाला लागले. तरुणपणी खेळताना झालेल्या दुखापतीत त्यांचा एक पाय गेला होता. जुन्या इतिहासग्रंथांमधून उतारे काढून १९५५ मध्ये त्यांनी वायव्य हुनानचे तुजिया आणि प्राचीन बा यांच्यावर मोठा निबंध लिहिला. १९५६ मध्ये कुबड्या घेऊन ते प्रत्यक्ष त्या डोंगरांत हिंडले. वूलिंगच्या वाटा मी बसच्या खिडकीतून पाहिल्यात. तिथे दोन पायांनीसुद्धा दम लागतो. जानेवारी १९५७ मध्ये तुजियांना स्वतंत्र समाज म्हणून मान्यता मिळाली. सप्टेंबरमध्ये शियांगशी हा तुजिया आणि मियाओ यांचा स्वायत्त प्रांतभाग झाला. त्याच वर्षी पान यांच्यावर 'उजवे' असा शिक्का बसला. सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीत, १९६७ मध्ये, हाल होऊन ते गेले.

आज सगळीकडे छापली जाणारी 'बा म्हणजेच तुजिया' ही मांडणी मुख्यतः त्यांची आहे. ती पूर्ण मान्य नसली तरी त्यांचं नाव घेताना माझे हात जोडले जातात.

---

पाणंद

ताई, हे मला अजिबात माहीत नव्हतं. रकाना नसल्यामुळे मियाओ लिहिलं गेलं, ही बाजू मी धरलीच नव्हती. धन्यवाद.

---

सुईदोरा

मी हातमागावर काम करते, म्हणून ते ८२ फूट कापड डोक्यातून जाईना. त्यांचं विणकाम आज टिकून आहे का? तुम्ही बघितलंत का?

---

रानजाई

हो, आणि तुमच्यासाठी नीट आठवून लिहिते. त्या कापडाला शिलानकापू म्हणतात. शिलान म्हणजे पांघरूण, कापू म्हणजे फूल. फुरोंगच्या उतारावर एका दुकानाच्या दारात साठीची बाई मागावर बसली होती. माग तिरका, ताण कमरेच्या पट्ट्याने धरलेला. ती मागे रेलली की ताणा ताठ व्हायचा. डाव्या हाताशी रंगीत लोकरीची लडी, उजव्या हातात बैलाच्या शिंगाची टोकदार सळी. त्या सळीने ती ताण्याचे मोजके धागे उचलायची, रंगाचा धागा बोटाने आत सरकवायची आणि ठोकायची. मी वाकून पाहिलं तर वरच्या बाजूला नुसत्या गाठी आणि धाग्यांची टोकं. मला वाटलं, अजून नक्षी व्हायची असेल. तिने माझा हात धरून कापडाखाली नेला आणि छोटा आरसा दाखवला. नक्षी खालच्या अंगाला होती! ती उलटीकडून विणते. समोर नमुना नाही, कागद नाही, सगळं डोक्यात.

तिच्या मागावर 'अठ्ठेचाळीस आकड्यां'ची नक्षी होती, चौकटीभोवती चौकट आणि प्रत्येकीला आत वळलेले आकडे. बाळाच्या दुपट्यासाठी वेगळी नक्षी असते, तिला ताइताइ फूल म्हणतात. पूर्वी मुलगी लग्नाआधी स्वतःचं पांघरूण स्वतः विणायची आणि लग्नाच्या आधीचे कितीतरी दिवस रडून गाणी म्हणायची. आईसाठी, बहिणीसाठी, मामासाठी, प्रत्येकाचं वेगळं रडणं.

बाइशौच्या नाचात ही पांघरुणं खांद्यावर घेतात. चिनला करापोटी दिलेलं ते कापड हेच होतं असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण त्या वाटेने जाणारे अभ्यासक आहेत.

---

सुईदोरा

उलटीकडून विणणं आणि नक्षी डोक्यात ठेवणं, हे किती वर्षांच्या सरावाने येतं ते मला कळतं. आरसा ठेवलाय म्हणजे तीही मधूनमधून खात्री करत असणार. मन भरून आलं वाचून.

---

कंदील

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. मी डॉक्टरकी शिकायला हुबेइमधल्या एन्शीला होतो. तिथे आम्ही मराठी पोरं बरीच होतो. एन्शी हाही तुजिया आणि मियाओंचा स्वायत्त प्रांतभाग, १९८३ पासूनचा. वर्गातल्या एका स्थानिक मित्राची पणजी वारली तेव्हा तो मला सोबत गावी घेऊन गेला, बादोंग तालुक्यात.

माझ्या डोक्यात आपल्याकडचं वातावरण होतं. पोचलो तर अंगणात माणसं जमलेली, दारू ठेवलेली आणि ओटीवर शवपेटी. तिच्या शेजारी मोठा ढोल. रात्र झाली आणि एक म्हातारा ढोल वाजवत गाऊ लागला. पुरुष दोन-दोन करून पेटीसमोर उतरले. गुडघे वाकवलेले, कंबर खाली, खांद्याला खांदा घासत, पाठीला पाठ लावत नाचायचे आणि प्रत्येक कडव्याला सगळे मिळून 'सा येर हो' असा पुकारा. एक जोडी दमली की दुसरी. बायका बघत होत्या, नाचत नव्हत्या. पहाटेपर्यंत चाललं. मित्राचे आजोबा, ज्यांची आई गेली होती, ते ढोलाजवळ बसून ताल धरत होते आणि गालावरून पाणी वाहत होतं. म्हातारं माणूस नीट आयुष्य जगून गेलं तर त्याला एकटं पाठवायचं नाही, एवढंच मित्राने मला सांगितलं.

काही डाव असे होते की एकजण गुरगुरत दुसऱ्यावर झेप घेई. मित्र म्हणाला, हा वाघ.

---

रानजाई

कंदील, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तांग काळातला, नवव्या शतकातला एक ग्रंथ आहे, फान चुओ याने दक्षिणेकडच्या लोकांवर लिहिलेला. त्यात या भागातल्या अंत्यविधीचं वर्णन आहे: ढोल वाजवून शोक करतात, गाणं मोठ्याने पुकारतात, जमाव उड्या मारतो, आणि हे सगळं पांढऱ्या वाघाच्या नावाशी जोडलेलं. तुम्ही जे अंगणात बसून पाहिलंत ते अकराशे वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवलंय.

---

सनावळी

छान चाललाय धागा. दोन गोष्टी राहिल्यात असं वाटलं म्हणून लिहितो.

एक म्हणजे चिन लियांगयू (१५७४–१६४८). शिझू या तुसी मुलखातल्या सरदाराची बायको. नवरा गेल्यावर तिने स्वतः फौज सांभाळली. तिच्या सैनिकांचे भाले पांढऱ्या लाकडाचे, टोकाला आकडा आणि मागे कडी. डोंगर चढताना एकाचा आकडा दुसऱ्याच्या कडीत अडकवून साखळी करायची आणि कडा चढायचा. ती मांचूंविरुद्ध उत्तरेत जाऊन लढली. मिंगांच्या अधिकृत इतिहासात तिचं चरित्र सेनापतींच्या भागात आहे, सद्गुणी स्त्रियांच्या भागात नाही.

दुसरं म्हणजे त्यांचं नववर्ष. सगळा चीन अमावास्येच्या रात्री जेवतो, तुजिया एक दिवस आधी. त्यामागे १५५० च्या दशकातली आठवण सांगतात. किनाऱ्यावर समुद्री चाच्यांनी धुमाकूळ घातला होता, सम्राटाने योंगशुन आणि बाओजिंगच्या फौजा बोलावल्या आणि निघायची तारीख सणाच्या आड आली. म्हणून घरोघरी आदल्या दिवशीच सण उरकला. वेगवेगळं रांधायला वेळ नव्हता, मांस, मुळा, टोफू सगळं एकाच हंड्यात शिजवलं. ते कालवण अजूनही त्या दिवशी करतात. या फौजांनी १५५५ मध्ये वांगजियांगजिंगच्या लढाईत मोठा पराक्रम केला हे इतिहासात आहे. सणाची गोष्ट त्यावर नंतर बसली असेल, पण हंडा मात्र खरा आहे.

---

रानजाई

सनावळी काका, चिन लियांगयू राहिली याची चुटपुट मलाही होती. आभार.

तुमच्यामुळे रोंगमेइचं तियान घराणंही आठवलं, आजच्या हफेंगमधलं. हे तुसी पिढ्यान्‌पिढ्या चिनी कविता करत. १७०४ मध्ये गू त्साइ नावाचा लेखक त्यांच्याकडे महिनोन् महिने राहिला आणि त्याने रोजनिशी लिहिली. त्या डोंगरात त्याला 'पीच ब्लॉसम फॅन' हे तेव्हाचं अगदी ताजं नाटक बघायला मिळालं. ज्यांना दरबार रानटी म्हणत होता ते राजधानीतलं नवं नाटक बसवत होते. त्याच घराण्याच्या शेवटच्या तुसीने, तियान मिनरूने, १७३३ मध्ये दरबाराचा वेढा आवळत आल्यावर गळफास घेतला.

पेंग सुखाने निघून गेला आणि तियान मेला. आपण पुस्तकात 'तुसी पद्धत रद्द झाली' असं एका ओळीत वाचतो, त्यात ही दोन्ही घरं असतात. नंतर आलेल्या अधिकाऱ्यांनी चालीरीतींवर बंदीचे हुकूम काढले. त्यातली एक रीत म्हणजे आत्याच्या मुलीवर मामाच्या मुलाचा पहिला हक्क. त्याला ते 'हाडाचं बी परत करणं' म्हणत. मुलगी ज्या घरातून गेली त्या घरात तिची लेक परत यायची.

---

कोकणकडा

कंदील, तुमच्या त्या मित्राशी अजून संपर्क आहे का? त्याच्या घरी वाघ पुजतात की हाकलतात, हे विचाराल का? रानजाई ताईंच्या मूळ लेखातला तोच प्रश्न माझ्या डोक्यात राहिलाय.

---

कंदील

काल रात्री त्याला फोन केला. बराच वेळ बोललो, आधी पणजीच्या आठवणी निघाल्या.

वडिलांच्या घरी, म्हणजे बादोंगला, मी गेलो होतो त्या गावात, वाघ घरचा. कोणी त्याचं नाव वाईट अर्थाने घेत नाही. पण त्याची आई लाइफेंगची, हुनानच्या सीमेवरची. तिच्या माहेरी वाघ हाकलतात. तो दोन वर्षांचा असताना आजोळी त्याला ताप चढून आकडी आली, तेव्हा आईच्या आईने तिमाला बोलावून पांढरा वाघ घराबाहेर काढायला लावला. वडिलांना हे कळल्यावर ते महिनाभर सासुरवाडीला गेले नाहीत. मग नववर्षाला आजी स्वतः बादोंगला आली, आदल्या दिवशीचा हंडा तिने आपल्या हाताने चढवला आणि विषय मिटला.

मी विचारलं, आता तुझ्या मुलीसाठी काय करतोस? म्हणाला, तिच्या पाळण्यावर आजीने विणलेलं ताइताइ फुलाचं पांघरूण आहे, आणि वाघाचं दोन्ही घरं आपापलं बघतात.